"जोडीच आहे मालक" म्हणून दिलेल्या दोन डिस्क

जुन्या ट्रकला जुन्या डिस्क (म्हणजे टायर ज्याच्यावर बसतो ते लोखंडी चाक) घेणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

आमची दहा बोल्टाची सहाचाकी हंगामात उसाला चालते, कराड भागात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मागच्या डाव्या बाजूला जी दोन चाकं शेजारीशेजारी असतात, त्या जोडीच्या दोन्ही डिस्क बोल्टाच्या भोकापाशी तडकल्या. ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन बसलेलो, हातात पैसा नाही, म्हटलं जुन्या बघू. हायवेला जुन्या स्पेअरचं एक दुकान आहे, नाव घेत नाही. त्यानं आतून दोन डिस्क लोळवत आणल्या, चकाचक सिल्व्हर मारलेल्या. "एकाच गाडीच्या निघाल्यात, जोडीच आहे मालक." आठ हजारला दोन, रिंगांसकट. बिल मागितलं तर चिठ्ठीवर 'डिस्क २ नग', बास.

मी काय बघितलं तर भोकं दहा आहेत का आणि वीसचा टायर बसतो का. इथंच माती खाल्ली.

वीस इंच हा नुसता व्यास झाला हो. ७.०-२० पण वीसचीच आणि ७.५-२० पण वीसचीच, फरक रुंदीत. ९.०० च्या टायरला सातची आणि १०.०० ला साडेसातची हे नेहमीचं माप, आणि ते रिमवर ठोकलेलं असतं. माझ्या एका डिस्कवर ७.५ स्वच्छ दिसत होतं, दुसरीवर रंगाचा थर एवढा की बोट फिरवलं तरी लागेना. मी म्हटलं गंजलं असेल. नंतर थिनरनं पुसल्यावर ७.० निघालं.

पण रुंदीपेक्षा नडला तो ऑफसेट. म्हणजे डिस्कचा सपाट भाग रिमच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते. जोडचाकात दोन डिस्क सपाट बाजूनं एकमेकीला चिकटतात, दोघींचा ऑफसेट मिळून दोन टायरमधलं अंतर ठरतं. १०.००-२० चा टायरच साधारण २७८ मिमी रुंद, त्यात लोड पडल्यावर खाली पोट सुटतं, त्यामुळं सेंटर ते सेंटर सव्वातीनशेच्या आसपास तरी पाहिजे. आमचं भरत होतं तीनशेला थोडं वर. रिकाम्या गाडीला मध्ये बोट जायचं, उसाचा लोड पडला की टायर टायरला लागला. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर म्हणाला जळका वास येतोय, उतरून बघतोय तर दोन्ही टायरच्या आतल्या बाजूला पट्टा घासून गुळगुळीत, हात लावला तर चटका.

गेलो परत दुकानात. आता खरी गंमत. तो म्हणाला, "त्यात काय, स्पेसर टाका." आणि बावीस मिमीच्या प्लेटमधनं गॅसनं कापलेला एक गोल, दहा भोकं पाडलेला, बाराशे रुपये घेऊन दिला. मी येडा, घेतला पण! हबचा, म्हणजे ज्याला चाक बोल्टनं बसतं त्याचा, जो उठलेला गोल भाग असतो, त्याच्यावर डिस्क बसून सेंटरला राहते. मध्ये प्लेट आल्यावर बाहेरची डिस्क त्याच्यावरनं सुटली, सगळा भार स्टडवर, म्हणजे ज्यांच्यावर नट आवळतो त्या बोल्टांवर. त्यात स्टड तेवढेच लांब. आधी नटाच्या बाहेर तीन-चार आटे दिसायचे, आता नट पुरा भरतच नव्हता. मेस्त्री आमचा सुट्टीवर होता, नाहीतर त्यानं हातच लावला नसता.

चौथ्या दिवशी गाडी कारखान्याच्या लायनीत उभी होती. ड्रायव्हरला सवय आहे, उभी राहिली की पान्यानं नट ठोकत फिरायचं. घट्ट नट टण्ण वाजतो, तिथं भद्द आवाज आला. नटाखालून तांबडी भुकटी गळालेली, रेघा पडलेल्या. खोललं तर दहातले चार स्टड आतच तुटलेले, डिस्कची भोकं लांबट झालेली. रस्त्यात चाक निघालं असतं तर मागं मोटारसायकली असतात, बैलगाड्या असतात, विचार करवत नाही.

टायर डिस्कवर अडकवून ठेवते त्या लॉक रिंगची वेगळीच कथा. टायरवाल्यानं हवा काढून रिंग बघितली आणि म्हणाला ही ह्या रिमची नाहीच, दुसऱ्या मेकची दाबून बसवलीय, खाचेत पूर्ण बसत नाही. असली रिंग हवा भरताना उडाली तर समोरचा माणूस जागेवर संपतो. त्यानं भरायला सरळ नाही म्हटलं, त्याचे उपकार.

आता घेताना रंग खरवडून ठोकलेलं माप वाचतो. डिस्क जमिनीवर टाकून काठावर पट्टी आडवी ठेवतो, तिथनं सपाट भागापर्यंतची खोली दोन्हींची मोजतो, माप आणि खोली दोन्ही जुळलं तरच जोडी. समोरासमोरच्या भोकांचं सेंटर ते सेंटर ३३५ आणि मधलं भोक २८१ भरतं का तेही, आमच्या गाडीचं माप ते आहे. आठ भोकवाल्यांनी जास्त जपा, त्यात २७५ आणि २८५ अशी दोन मापं येतात, मधलं भोक जवळपास सारखंच, आणि दहा मिमीसाठी भोकं गॅसनं वाढवून देणारे महाभाग आहेत.

पैसे काय परत मिळाले नाहीत, "नेताना चांगल्या होत्या" हे उत्तर. त्या दोन डिस्क आणि ती प्लेट मी गॅसकटरवाल्याकडनं मधनं कापून घेतली आणि किलोवर घातली. भंगारवाला तुकडे बघून हळहळला, "कापल्या कशाला ओ, अख्ख्या दिल्या असत्या तर जास्त दिले असते."