वारसा सांगणाऱ्या वस्तू : ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’

अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची १८५१ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी भुताखेतांच्या अपेक्षेने वाचणाऱ्याची निराशा होईल. पण घराण्याचे पाप पुढच्या पिढ्यांच्या माथी कसे येते, हे घरातल्या जुन्या वस्तूंमधून ती विलक्षण ताकदीने दाखवते. चेटकाच्या आरोपावरून फासावर गेलेल्या मॅथ्यू मॉलची जागा कर्नल पिंचन बळकावतो, तिथे वाडा बांधतो आणि गृहप्रवेशाच्या दिवशीच आपल्या खुर्चीत मृतावस्थेत सापडतो. अमेरिकेतील सेलम गावी १६९२ साली चाललेल्या चेटूक खटल्यांतले एक न्यायाधीश, जॉन हॅथॉर्न, हे लेखकाचे पूर्वज होते, हे ठाऊक असले की या कथेमागची बोच अधिक जाणवते.

कर्नलची ती ओकची खुर्ची मला कादंबरीतली सर्वांत प्रभावी वस्तू वाटते. पिढ्या उलटल्यावर त्याच खुर्चीत त्याचा वंशज, न्यायाधीश जाफ्री, निश्चल बसलेला दिसतो; डाव्या मुठीत घड्याळ टिकटिकत असते आणि निवेदक त्याला दिवसभरातल्या एकेका कामाची आठवण करून देत राहतो. रात्री किल्ली द्यायची राहून गेल्यामुळे घड्याळही थांबते. ‘तो मेला’ असे सरळ न सांगता लिहिलेले हे अख्खे प्रकरण पुस्तक घेण्यास पुरेसे कारण आहे.

परसातल्या खुरटलेल्या कोंबड्यांमध्ये आपल्याच रक्ताच्या अभिमानात खंगत गेलेले घराणे ओळखू येते, आणि तिथे लेखकाला फारसे समजावून सांगावेही लागत नाही. भिंतीवरच्या कर्नलच्या तैलचित्राबाबत मात्र हा संयम सुटतो. त्यामागे दडवलेला विस्तीर्ण जमिनीचा दस्तऐवज सापडतो तेव्हा तो कवडीमोलाचा ठरलेला असतो, ही कल्पना मार्मिक आहे. परंतु चित्राची करडी नजर इतक्या वेळा वर्णिली आहे की तिची जरब ओसरते.

शेवट मला पटला नाही. वाडा सोडून निघालेली मंडळी जाफ्रीच्याच संपत्तीवर, त्याच्याच खेड्यातल्या घरात सुखाने राहायला जातात, आणि ज्या वारशाविरुद्ध एवढी कादंबरी उभी केली, तोच वारसा स्वीकारताना त्यांच्यापैकी कोणी फारसे अडखळत नाही.