वेळा सरकवल्या, बाकी फारसं काही नाही : डोंबिवलीकर बाईचा वापरानंतरचा अनुभव

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ऑफिसची वार्षिक तपासणी आली आणि माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.३ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून आत. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, साखरेची गोळी मात्र दिली नाही. "आधी राहणी बदला, मग बघू," म्हणाले.

राहणी बदला म्हणजे काय करा, याची यादी प्रत्येकाकडे तयार असते. काकूंकडे मेथीचं पाणी, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जिम, आणि भाच्याने तर मनगटावर बांधायचा पट्टाच आणून दिला. यातलं बरंचसं करून पाहिलं. काय टिकलं, काय गळालं आणि कशावर पैसे घालवू नयेत, ते लिहिते. तुम्हाला ताडून बघता यावं म्हणून माझी परिस्थिती सांगते: वय पन्नाशीच्या अलीकडे, दिवसभर टेबलाशी बसून काम, डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल, घरी नवरा, कॉलेजातली मुलगी आणि सासूबाई.

निकाल आधीच सांगते. जे टिकलं ते जवळपास सगळं घरात आधीपासून होतंच, मी फक्त त्याची वेळ नाहीतर जागा बदलली. जे मुद्दाम नवीन आणलं ते बहुतेक कपाटात गेलं.

शतपावली

सगळ्यात जास्त गुण हिला. सकाळचं फिरणं आमच्याकडे होणं नाही. पहाटे उठून डबे, पाणी भरणं, सासूबाईंचा चहा, आणि मग स्टेशन. 'सकाळी मोकळ्या हवेत फिरा' म्हणणाऱ्यांच्या घरात डबे कोण करतं, हे एकदा विचारायचं आहे मला.

म्हणून रात्र धरली. ताटं सिंकमध्ये ठेवली की घासत न बसता चपला घालायच्या आणि खाली उतरायचं. सोसायटीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत, असं पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात वॉचमनने विचारलं, "वहिनी, काही हरवलंय का?" पावसाळ्यात तळमजल्याच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालते, लोक जिना चढता चढता चौकशी करतात.

हे काम का करतं ते डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. जेवल्यावर पुढच्या तासाभरात रक्तातली साखर चढते. नेमक्या त्या वेळी मांड्या-पोटऱ्या चालत्या ठेवल्या, तर स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायसुद्धा साखर आत ओढून घेतात. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून बहिणीचा ग्लुकोमीटर मागून आणला. एका रात्री दोन पोळ्या, भाजी, वरणभात जेवून मालिका बघत बसले. दुसऱ्या रात्री तेच जेवण, तेवढंच, आणि मग खाली चालले. तासाभराने मोजलं तर बसले त्या रात्री १६८, चालले त्या रात्री १३९. दोन रात्रींचा प्रयोग म्हणजे काही पुरावा नव्हे, पण मला चपला घालायला तेवढा पुरला. कुणी घरी मोजणार असेल तर आधी हात साबणाने धुवून कोरडे करा. फळ कापलेल्या बोटावर टोचलं तर यंत्र भलताच आकडा दाखवतं. आणि बोटाच्या टोकाला टोचण्याऐवजी कडेला टोचा, कमी दुखतं.

दुसरा फायदा मी धरलेला नव्हता. काही दिवसांनी नवरा बरोबर यायला लागला. घरात आमचं बोलणं म्हणजे सिलिंडर, लाइट बिल आणि मुलीची फी. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे असेल, पण त्याच्या ऑफिसात माणसं कमी करणं चाललंय आणि त्याला रात्री झोप लागत नाही, हे मला टाकीजवळच्या वळणावर कळलं. तोवर मी त्याच्या चिडचिडीवर चिडत होते.

जेवणाची वेळ आणि क्रम

'सातच्या आत जेवा' हा नियम आमच्या लोकलला कुणी सांगितलेला नाही. घरात पाऊल पडतं तेव्हा आठ वाजून गेलेले असतात, आणि पोटात कावळे कोकलत असले की साडेनवाला चार पोळ्या कुठे जातात कळत नाही. मी जेवण पुढे आणायचा नाद सोडला. त्याऐवजी ऑफिस सुटायच्या आधी डब्यातले मूठभर फुटाणे आणि एखादं फळ खाते. रात्रीची भूक आपोआप दोन पोळ्यांवर आली.

क्रमाचं मात्र घरात नाट्य झालं. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी, अशा क्रमाने खाल्लं की साखर एकदम उसळत नाही. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "अगं, वरणभात-तुपाशिवाय ताटाला हात कसा लावायचा? हे काय पंगतीत उलटं वाढल्यासारखं!" तडजोड अशी झाली की त्यांच्या ताटात पहिल्यासारखंच, माझ्या ताटात काकडीची कोशिंबीर आधी. पाहुणे आले की मीसुद्धा मुकाट्याने वरणभातच आधी खाते.

चहा

इथे मला खरा त्रास झाला. दिवसाला पाच-सहा कप, त्यातला एक जेवणानंतर लगेच आणि शेवटचा घरी आल्या आल्या. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेतही जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी टाळा, असं सांगितलंय. म्हणजे मी एका हाताने लोहाची गोळी घेत होते आणि दुसऱ्या हाताने त्यावर चहा ओतत होते.

दुसरं, झोप. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेला चहा मध्यरात्रीनंतरही अंगात असतो. दुपारी चारनंतर चहा बंद केला, तर पहिले काही दिवस डोकं असं ठणकलं की बाजूच्या टेबलवाल्याने बाम आणून दिला. आठवड्याभरात ते गेलं. बंद करण्यापेक्षा हळूहळू कमी केला असता तर बाम लागला नसता, हे तुमच्यासाठी. आता सकाळचा एक, अकराचा एक आणि साडेतीनला टपरीवरचा कटिंग. कटिंग सोडणार नाही. त्या टपरीवर आम्ही चौघीजणी उभ्या राहून दहा मिनिटं ज्या गप्पा मारतो, त्या मनासाठी कुठल्याही प्राणायामापेक्षा कमी नाहीत.

फोन

फोनचा चार्जर बेडरूममधून काढून स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी लावला. गजरासाठी टिकटिक करणारं साधं घड्याळ आणलं. या सगळ्या प्रकारात नव्याने आणलेली आणि अजून वापरात असलेली ही एकमेव वस्तू.

पहिल्या रात्री हात उशीखाली फोन शोधत होता, शपथेवर सांगते. तासाभराचं बघणं नाही म्हटल्यावर त्या वेळात काय करायचं हाच प्रश्न. मग जुन्या वहीत उद्याची कामं लिहून काढायला लागले: गॅस नोंदवणे, इस्त्रीचे कपडे, साहेबांना फाइलबद्दल विचारणे. कागदावर उतरलं की डोक्यात घोळत नाही. त्या यादीच्या खाली अधूनमधून काळज्याही उतरतात. त्या लिहून सुटत नाहीत, पण रात्री दोनला उठून छताकडे बघत बसणं बरंच कमी झालं.

उणी बाजूही सांगते. भावंडांच्या ग्रुपवर रात्री काहीतरी ठरतं आणि मला सकाळी कळतं. आई गावी एकटी असते, तिचा फोन आला तर? म्हणून बेल मोठी करून ठेवते; स्वयंपाकघर काही दुसऱ्या गावात नाही. मुलीने मात्र हा प्रयोग पहिल्याच रात्री मोडीत काढला आणि तिला मी आग्रह करत नाही.

सूर्यनमस्कार

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, आणि आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी ते शाळेत घातलेले असतात. त्या भरवशावर मीही सुरू केले. रविवार आणि एखादी सुट्टी सोडली तर जमत नाहीत, आणि मनगटं दुखायला लागल्यावर वेगही कमी केला. आता मोजकेच, पण सावकाश, श्वास सांभाळून घालते.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. पहिला भाग रात्रीच्या चालण्याने आणि स्टेशनच्या धावपळीने भरून निघतो. दुसऱ्यासाठी भाजी शिजेपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा काढते. आधी सहा-सातला गुडघे बोलायचे, आता स्टेशनचा पूल चढताना मधे थांबावं लागत नाही.

पट्टा, पाणी आणि इतर

मनगटाचा पट्टा: नको. पीठ मळताना आणि पोळ्या लाटताना हात हलतो तो त्याला चालणं वाटतो. एका रविवारी पुरणपोळ्या केल्या, तर घरातल्या घरात दहा हजार पावलं झाल्याचं अभिनंदन आलं. तसंही हा दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो जगभर पसरला. झोपेचे गुणही हा पट्टा सकाळी सांगायचा. छान झोपून उठावं आणि त्याने 'झोप अपुरी' म्हणावं, की दिवस गेलाच. भाच्याला साभार परत.

मेथीचं पाणी, कोमट पाण्यात लिंबू-मध, दुधी-कारल्याचा रस: काही फरक कळला नाही, कारल्याने तोंड मात्र कडू झालं. उपाशीपोटी मध घेऊन साखर कशी उतरणार, हे काकूंनाही सांगता आलं नाही.

ध्यानाचं पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप: नाव घेत नाही, पण फुकटचे दिवस संपल्यावर वर्षाची रक्कम परस्पर कापली आणि परत मिळवायला भरपूर पत्रव्यवहार करावा लागला. श्वास सावकाश, आत घेतो त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर सोडायचा, हे लोकलमध्ये खिडकी मिळाली की फुकटात होतं. चौथ्या सीटवर होत नाही.

आकडे

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे महिन्याभरात परत तपासणं म्हणजे लॅबचं भलं. मी होळीनंतर केलं: ५.८. हिमोग्लोबिन १२.१. मी पेढे आणायच्या बेतात, तेवढ्यात डॉक्टरांनी थांबवलं. लोह कमी असेल तर एचबीएवनसी मुळातच थोडं जास्त दिसू शकतं, म्हणजे उतरलेल्या आकड्यात गोळ्यांचाही हात असणार. त्यांनी उपाशीपोटीची साखर बघितली, ती ११२ वरून ९८ वर आली होती. शंभरच्या खाली नॉर्मल. श्रेय कुणाला किती, शतपावलीला, चहाला की गोळ्यांना, याचा हिशेब लागत नाही आणि मी तो सोडून दिला. वजन जेमतेम दोन किलो उतरलं. वजनासाठी कुणी हे सगळं करणार असेल तर निराशा होईल.

मनाचं मोजायला यंत्र नाही. एवढं सांगता येईल की महिनाअखेरीच्या कामात मी हल्ली ओरडत नाही, असं मुलगी म्हणते, आणि ती सहसा माझ्या बाजूने बोलत नाही. पण नवऱ्याचं शतपावलीने भागलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशात मन नाही, असं झाल्यावर आम्ही १४४१६ ला, टेलिमानसला फोन केला. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. मराठीतून बोलता आलं हे महत्त्वाचं, कारण 'जीव घाबरा होतो' हे त्याला दुसऱ्या भाषेत सांगता आलं नसतं. तिथून पुढे त्याला समुपदेशकाकडे पाठवलं, ते चालू आहे.

कुणी घ्यावं, कुणी नाही

दिवसपाळीची नोकरी, बसून काम, आणि साखर उंबरठ्यावर असेल तर शतपावली आणि चहाची वेळ या दोनच गोष्टींपासून सुरू करा; खर्च शून्य. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जेवण कमी करून वर चालणं वाढवलं तर साखर फार खाली जाऊ शकते. जेवल्यावर चालताना छातीत दाटून येत असेल तर चालणं थांबवून तडक डॉक्टर गाठा.

रात्रपाळीवाल्यांना माझं वेळापत्रक उपयोगाचं नाही. माझी नणंद सरकारी हॉस्पिटलात परिचारिका आहे, तिला 'चारनंतर चहा नाही' सांगितलं तर ती हसली. तिने फोन बाहेर ठेवण्याचा भाग उचलला, खिडकीला जाड काळा पडदा लावला आणि ड्यूटीवरून येताना गॉगल घालते, म्हणजे सकाळच्या उन्हाने झोप उडत नाही. चहा ती ड्यूटी सुरू होतानाच घेते, पहाटे घेत नाही. तिचं वेगळं लिहायला तिलाच सांगितलंय.