एकदाच लिहा, तीन ठिकाणी मिळवा: ओपनएपीआय जनरेटर दोन वर्षं वापरल्यानंतर

‘ताई, मोबाइलवर डिग्री, कॉम्प्युटरवर सीएलआर आणि पावतीवर लॅक्टो. उत्पादक विचारतात, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का? काय सांगू?’

आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा हा प्रश्न. आमच्याकडे ही तिन्ही नावं लॅक्टोमीटरच्या, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाच्या, एकाच आकड्याची. तरी तीन का, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुधाची नोंद म्हणजे उत्पादक क्रमांक, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), डिग्री, दर, रक्कम. एवढीच नोंद आम्ही चौघं तीन ठिकाणी हातानं लिहीत होतो: सर्व्हरवर जावात, मोबाइलसाठी कोटलिनमध्ये, वेबसाठी टाइपस्क्रिप्टमध्ये. ज्याला जो शब्द सुचला तो त्यानं टाकला.

त्या आठवड्यात ओपनएपीआय जनरेटर हातात घेतला. एकदा लिहिलेल्या वर्णनावरून वेगवेगळ्या भाषांतला कोड तयार करून देणारं हे साधन. स्वॅगर कोडजेन या आधीच्या साधनावर काम करणाऱ्या मंडळींनी २०१८ च्या मे महिन्यात त्यातूनच हा वेगळा प्रकल्प काढला. अपाची २.० परवाना आहे, म्हणजे खर्च शून्य. मशीनवर जावा लागतं, ७.० आवृत्तीपासून जावा ११ किंवा पुढचं. नोंदीचं वर्णन एका यॅमल, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये लिहायचं, भाषा सांगायची, कमांड चालवायची. त्या भाषेतले क्लास, म्हणजे नोंदीचा कोड, तयार होऊन फोल्डरमध्ये पडतात. हे पहिल्याच दुपारी जमलं.

पण मला हे साधन आवडलं ते त्याच्या टेम्प्लेटमुळे, म्हणजे साच्यांमुळे. ‘ऑथर टेम्प्लेट’ ही कमांड दिली की कोड ज्या साच्यांतून तयार होतो ते सगळे साचे तुमच्या फोल्डरमध्ये येतात. ते मस्टॅश पद्धतीचे असतात. मस्टॅश म्हणजे मिशी. महिरपी कंस आडवा करून बघा, नाव का पडलं ते दिसेल. दुहेरी महिरपी कंसांत फील्डचं नाव लिहिलं की तिथे मॉडेलमधली, म्हणजे नोंदीच्या वर्णनातली, माहिती येऊन बसते.

यॅमलमध्ये ‘एक्स’ आणि आडवी रेघ यांनी सुरू होणारी आपली स्वतःची खूण प्रत्येक फील्डला लावता येते. मी ‘मराठी नाव’ अशी खूण केली, डिग्रीच्या फील्डसमोर ‘डिग्री’ लिहिलं आणि तिन्ही भाषांच्या साच्यांत दोन-दोन ओळी घातल्या. आता पावती, मोबाइल आणि वेब एकाच जागेवरून शब्द उचलतात. ‘पावतीवर छापायचं का’ अशी दुसरी खूण नंतर केली. ती गरजेची होती, कारण मस्टॅशमध्ये ‘हे त्याच्या बरोबरीचं असेल तर’ अशी तुलना करता येत नाही. फक्त आहे किंवा नाही एवढंच विचारता येतं. सुरुवातीला मला ही अडचण वाटली. आज वाटतं, साच्यात व्यवहाराचे नियम घुसले नाहीत ते यामुळेच.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला ते सांगते, म्हणजे तुमचा वाचेल. दुहेरी कंसांत लिहिलं तर मजकूर एचटीएमएलसाठी, म्हणजे वेबपानासाठी, सुरक्षित करून येतो. मग यादीच्या प्रकारातल्या कोनी कंसांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात आणि बिल्ड पडतं, म्हणजे प्रोग्राम बांधलाच जात नाही. डेटा प्रकार नेहमी तिहेरी कंसांत लिहा. दुसरं, खुणेचं नाव चुकलं तर साधन काही बोलत नाही, तिथे मुकाट्यानं रिकामी जागा सोडतं. माझ्या एका चुकलेल्या अक्षरामुळे पावतीवर फॅटचं नाव दोन दिवस कोरं छापलं जात होतं. तेव्हापासून साच्याला हात लावण्याआधी मी ‘डीबग मॉडेल्स’ चालू करते. साच्याला नेमकी कोणती माहिती मिळते आहे ते सगळं त्यात छापून येतं. तयार झालेल्या क्लासमध्ये एकही नाव कोरं नाही हे तपासणारी छोटी टेस्टही आता बिल्डमध्ये आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र जपा. आकड्याचा प्रकार नुसता ‘नंबर’ लिहिला तर जावा आणि कोटलिनमध्ये बिगडेसिमल मिळतं, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा प्रकार. पुढे ‘डबल’ जोडलंत की डबल मिळतं, त्यात दशांश अंदाजे साठतात. दर आणि रक्कम डबलमध्ये ठेवायची नाही, दहा दिवसांच्या बिलात पैशांचा फरक पडतो आणि उत्पादकाला तो लगेच कळतो. टाइपस्क्रिप्टमध्ये शेवटी साधा नंबरच येतो, तोही डबलसारखाच, म्हणून वेबवर आम्ही हिशोब करतच नाही. सर्व्हरनं काढलेली रक्कम फक्त दाखवतो.

तयार झालेल्या फाइलला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा. आमच्यातल्या एकानं फॅटचा आकडा गोल करण्याचं काम थेट तयार क्लासमध्ये लिहिलं आणि पुढच्या जनरेशनला ते पुसलं गेलं. अशी कामं आता कोटलिनच्या एक्स्टेन्शन फंक्शनमध्ये (क्लासला हात न लावता बाहेरून जोडलेल्या कोडमध्ये), वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. एखादी फाइल राखायचीच असेल तर तिचं नाव इग्नोर फाइलमध्ये टाकता येतं. ती गिटच्या इग्नोर फाइलसारखीच लिहायची.

आवृत्ती बदलताना कष्ट आहेत. सुरुवातीला मी सगळेच साचे उतरवून ठेवले होते, त्यामुळे मूळ साच्यांतल्या सुधारणा आमच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. मग कळलं की आपल्या फोल्डरमध्ये नसलेला साचा साधन स्वतःजवळचा वापरतं. बदललेले पाच ठेवले, बाकीचे काढून टाकले. आवृत्तीचा आकडा बिल्डमध्ये पक्का बांधलाय आणि वर जायचं असेल तेव्हा ते पाच साचे मूळच्या नव्या साच्यांशी ओळीनं ताडून बघते. त्यात अर्धा दिवस जातो.

तुमचं मॉडेल एकाच भाषेत, एकाच ठिकाणी वापरलं जात असेल तर या वाटेला जाऊ नका, साचे सांभाळण्याचं ओझं जास्त होईल. दोन किंवा जास्त ठिकाणी जात असेल तर बिनधास्त घ्या. गेल्या महिन्यात दूध तपासायच्या मशीनमधून येणारा पाण्याचा टक्का नोंदीत घ्यायचा होता. यॅमलमध्ये सहा ओळी घातल्या, कमांड चालवली, आणि संध्याकाळच्या पाळीला तिन्ही ठिकाणी ‘पाणी’ हाच शब्द दिसला.