आठ केबीतला सिनेमा आणि माझे पावणेदोन लाख

फाइली लहान करण्याच्या एका खोट्या प्रोग्रॅमपायी मी कसा फसलो, हे लिहायला मला दोन वर्षं लागली. घरच्यांनाही बुडालेल्या पैशांचा पूर्ण आकडा गेल्या दिवाळीत सांगितला. पण मागच्या महिन्यात ओळखीच्या एका मुलाचा फोन आला. "काका, एक जण कुठलीही फाइल हजारो पट लहान करून दाखवतो. पार्टनर शोधतोय." त्यानं सगळं वर्णन केलं आणि माझ्या पायातलं बळच गेलं. माणूस तोच की दुसरा, ठाऊक नाही. पद्धत मात्र तीच होती. म्हणून आता गप्प बसवत नाही.

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फाइल कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतलं काही न गमावता फाइल लहान करण्याचा, नाद जुना. रात्री शटर अर्धं ओढून मी प्रोग्रॅम लिहीत बसायचो. साधा मजकूर झिप केला, म्हणजे नेहमीच्या प्रोग्रॅमनं आवळला, की बराच लहान होतो, कारण त्यात तेच ते शब्द, तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. पण झिप केलेली फाइल पुन्हा झिप केली तर काही हाती लागत नाही. पुनरावृत्ती आधीच पिळून निघालेली असते, उरतो तो नाणेफेकीसारखा डेटा. त्यातूनही काही निघेल, हा माझा हट्ट. रँड कॉर्पोरेशननं १९५५ साली दहा लाख यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, अंकांचं पुस्तक छापलं होतं. त्या अंकांची ४,१५,२४१ बाइटची फाइल करून मार्क नेल्सन यांनी २००२ साली आव्हान दिलं: ती लहान करून दाखवा, पण तिच्यातून मूळ फाइल परत उलगडणारा प्रोग्रॅमही वजनात धरा. बक्षीस १०० डॉलर. त्या फाइलवर माझी कितीतरी वर्षं गेली. एकदा दोन केबी, म्हणजे सुमारे दोन हजार बाइट, वाचले, तर ते परत मिळवण्यासाठी लागणारा तक्ता तीन केबीचा निघाला. दर वेळी हेच व्हायचं.

हा नाद त्या माणसाला एका गिऱ्हाइकाकडून कळला. तो दुकानात आला, चहा घेतला आणि यान स्लूटची गोष्ट काढली. स्लूट हा नेदरलँड्समधला टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. अख्खा सिनेमा आठ केबीत बसवतो असा त्याचा दावा होता. फिलिप्समध्ये मोठ्या पदावर राहिलेले रूल पीपर त्याच्या मागे उभे राहिले. १९९९च्या जुलैत, करार तोंडावर आलेला असताना, स्लूट हृदयविकारानं गेला आणि त्याचा मूळ प्रोग्रॅम कुणाला सापडलाच नाही. "सर, तोही दुरुस्तीवालाच होता," तो म्हणाला. "त्यानं नेलं ते मला सापडलंय." इतकी वर्षं रात्री एकट्यानं बसलेल्या माणसाला हे वाक्य कुठे जाऊन लागतं, ते मी सांगू शकतो.

पुण्यात त्याच्या भाड्याच्या फ्लॅटवर डेमो झाला. "फाइल तुमची आणा," असं त्यानंच सांगितलं होतं, त्यामुळे शंका उरली नाही. मी पेनड्राइव्हवर सातशे एमबीचा सिनेमा नेला. त्यानं तो आपल्या मशीनवर घेतला, पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला, प्रोग्रॅम चालवला. अकरा मिनिटांनी आठ केबीची एक फाइल तयार. मग माझ्यासमोर शिफ्ट दाबून, म्हणजे रीसायकल बिनमध्येही उरणार नाही असा, मूळ सिनेमा डिलीट केला आणि त्या आठ केबीतून परत आणला. सिनेमा लागला, आवाजासकट. माझे कान तापले होते. त्याच्या प्रोग्रॅमची खिडकी पूर्ण स्क्रीनभर होती, ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे हे एकदाही दिसलं नाही, हे मला तेव्हा जाणवलंच नाही.

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला: मला बारा टक्के, खर्च 'आंतरराष्ट्रीय पेटंट'चा. दुकानाचा गाळा विकत घ्यायला साठवलेल्या पैशांतून तीन हप्त्यांत १,७५,००० दिले. भारतात एकट्या व्यक्तीनं ऑनलाइन पेटंट अर्ज भरला तर दाखल करण्याचं शुल्क १६०० रुपये असतं, आणि कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या गणिती पद्धतीला किंवा अल्गोरिदमला पेटंटच मिळत नाही, हे मी नंतर वाचलं. त्यानं दाखवलेला अर्ज क्रमांक म्हणजे कागद दाखल झाल्याची नोंद, एवढंच. आणि खरं पेटंट असतं तरी काय? पेटंट मिळालं म्हणजे पद्धत चालते असं सिद्ध होत नाही. अमेरिकेत १९९६ साली अशाच अशक्य पद्धतीला पेटंट दिलं गेलं होतं.

तिसऱ्या हप्त्यानंतर माझ्या तगाद्यानं त्यानं प्रोग्रॅम दिला. दुकानातल्या मशीनवर तो अगदी डेमोसारखाच चालला. मग मी आठ केबीची फाइल शेजारच्या मशीनवर नेली, तिथेही प्रोग्रॅम टाकला. "की (किल्ली) सापडली नाही," असा संदेश आला. तीनदा तेच. तेव्हा पहिल्या मशीनवरची शिल्लक जागा बघितली. सिनेमा टाकण्याआधी ४०.२ जीबी होती, टाकल्यावर ३९.५. सिनेमा डिलीट करूनही ३९.५च. लपवलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग केलं आणि विंडोजच्याच वाटाव्या अशा नावाच्या फोल्डरमध्ये एक डीएलएल (प्रोग्रॅमना लागणारी, सहसा कुणी उघडून न बघणारी फाइल) सापडली, शेवटच्या बाइटपर्यंत सिनेमाएवढीच. तिच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, बदलून व्हिडिओचं एमपीफोर केलं. सिनेमा सुरू झाला. आठ केबीची फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली, तर सुरुवातीला त्या डीएलएलचा पत्ता आणि पुढे नुसती शून्यं.

ही युक्ती डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या, काळातली आहे. १९९२च्या सुमारास ओडब्ल्यूएस नावाचा प्रोग्रॅम असाच फिरत होता. तो मूळ फाइल डिस्कवर कुठे पडली आहे तेवढंच लिहून ठेवायचा. दुसऱ्या फ्लॉपीवर नेलं की काही निघायचं नाही. २००२ साली झिओसिंक या अमेरिकी कंपनीनं यादृच्छिक डेटा शंभरास एक लहान करतो असं जाहीर केलं, आणि कधीच काही दाखवलं नाही.

हे कुणालाच का जमणार नाही, ते बोटांवर मोजता येतं. बिट म्हणजे शून्य किंवा एक. तीन बिटांच्या वेगवेगळ्या फाइली आठ होतात. त्याहून लहान सगळ्या धरल्या, दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि एक रिकामी, तर सात. आठ माणसं, सात खुर्च्या. कुणीतरी दोघं एकाच खुर्चीवर बसणार, आणि उलगडताना त्यांतला मूळ कोण हे सांगता येणार नाही. फाइल कितीही मोठी असो, एक खुर्ची कमीच पडते. हा हिशेब मी वर्षानुवर्षं जाणत होतो. माझ्यापुरता काहीतरी अपवाद असेल असं मला वाटत राहिलं, आणि नेमकं तेच त्या माणसानं ओळखलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. बँकेच्या नोंदी, स्टॅम्प पेपर, ती डीएलएल असलेली हार्डडिस्क, सगळं जपून ठेवलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत. तो फ्लॅट दुसऱ्याच आठवड्यात रिकामा झाला होता.

फोन केलेल्या मुलाला मी म्हटलं, "तुझे दोन लॅपटॉप घेऊन जा. एकावर फाइल लहान करायला लाव, ती लहान फाइल आणि प्रोग्रॅम दुसऱ्यावर टाक, नेट बंद कर आणि तिथे उलगडून दाखवायला सांग. त्याच्या मशीनवर काही बघू नकोस." तो रविवारी गेला. समोरच्यानं दोन लॅपटॉप बघितले, आज सर्व्हरला प्रॉब्लेम आहे म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन उचललेला नाही.