लॅपटॉप चार्ज होत नाही: पैसे चार्जरवर घालायचे, जॅकवर की बॅटरीवर?

चार्जर लावला तरी दिवा लागत नाही, किंवा दिवा लागतो पण टक्केवारी जागची हलत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय बॅटरीवर जातो, कारण पडद्यावर तिचंच चित्र दिसत असतं. मग नवी बॅटरी मागवली जाते, बसवली जाते आणि दुखणं तसंच राहतं. माझा क्रम वेगळा आहे: आधी चार्जर आणि त्याची वायर, मग जॅक (लॅपटॉपवरचं भोक, ज्यात चार्जरची पिन जाते), मग बॅटरी, आणि मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, सगळ्यांत शेवटी. यात पुढची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा सहसा महाग पडते, म्हणून मधली पायरी गाळून पुढे जाऊ नये. पुढचं सगळं वॉरंटी संपलेल्या लॅपटॉपबद्दल आहे. वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू न उघडता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.

पैसे लागत नाहीत ते आधी

एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवा आणि चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. सैल झालेला सॉकेट आणि चार्जरच्या ठोकळ्यातून अर्धवट निघालेली तीन भोकांची वायर यांनी अनेकांना उगाच दुकानापर्यंत पळवलं आहे. तीच वायर दुसऱ्या चार्जरला किंवा मॉनिटरला बसत असेल तर अदलाबदल करून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे ६० किंवा ८० टक्क्यांवर अडकलेलं चार्जिंग. हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. लेनोवोमध्ये कॉन्झर्वेशन मोड, असूसमध्ये बॅटरी केअर, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’, एचपीच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) बॅटरी हेल्थ मॅनेजर अशा सोयी असतात. बॅटरी जास्त टिकावी म्हणून त्या चार्जिंग मुद्दाम मध्येच थांबवतात. एखाद्या अपडेटनंतर त्या चालू झालेल्या असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. कंपनीचं ॲप उघडून एकदा पाहा.

तिसरं कारण उष्णता. लिथियम-आयन पेशी साधारण ० ते ४५ अंश सेल्सियस या पट्ट्यातच चार्ज करायच्या असतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात खोलीचंच तापमान चाळिशी गाठतं, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून व्हिडिओ कॉल चालू असेल तर बॅटरी ही मर्यादा सहज ओलांडते आणि आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. लॅपटॉप बंद करून अर्धा तास पंख्याखाली, कडक जागी ठेवा.

शेवटी रीसेट. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. चार्जिंग सांभाळणारा छोटा कंट्रोलर कधीकधी अडकून बसतो, तो यानं मोकळा होतो. लेनोवोच्या काही थिंकपॅड आणि काही एसर लॅपटॉपना याचसाठी खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं भोक दिलेलं असतं.

एका प्रश्नावर दोन वाटा

आता खरा निवाडा. बॅटरी पूर्ण उतरलेली असताना फक्त चार्जरवर लॅपटॉप चालू होतो का?

चालू होत असेल आणि पडद्यावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसत असेल, तर वीज आत येते आहे. संशय बॅटरीवर, चार्जिंगच्या सर्किटवर किंवा चार्जरची ओळख न पटण्यावर. काहीच होत नसेल तर चार्जर, जॅक किंवा बोर्ड. दुसऱ्या वाटेवर असताना बॅटरी विकत घेऊ नका.

चार्जरच्या ठोकळ्यावर दिवा असेल तर तो फार मोलाची माहिती देतो. सॉकेटला लावूनही दिवा लागत नाही, तर चार्जर मेला. दिवा लागलेला आहे, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो आणि मग सॉकेटमधून काढून परत लावल्यावरच पेटतो, तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतो आहे. खात्रीसाठी दुसऱ्या चार्जरवर एकदाच हे करून पाहा. तोही विझला तर नवा चार्जर घेण्यात काही अर्थ नाही.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवून गोल पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात मोजा. चार्जरवर १९.५ छापलं असेल तर १९.५ च्या आसपास यायला हवेत. मात्र बिनभाराचं व्होल्टेज बरोबर असणं म्हणजे चार्जर ठीक असणं नव्हे. थकलेला चार्जर लॅपटॉपचा भार पडताच कोसळतो. त्यामुळे सगळ्यांत चांगली चाचणी एकच: ओळखीत कुणाकडे त्याच कंपनीचा, त्याच पिनचा, तेवढ्याच वॉटचा चार्जर असेल तर दहा मिनिटं मागून आणा.

चार्जर: ओरिजिनल, लोकल की टाइप-सी

चार्जरच गेला असेल तर दुकानदार दोन डबे समोर ठेवतो. लोकल बहुधा हजाराच्या आत, ओरिजिनल त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. व्होल्ट दोन्हींवर सारखेच छापलेले असतात, मग फरक कशाचा?

डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून वीज जात नाही, ओळख जाते: हा चार्जर किती वॉटचा आहे हे लॅपटॉप त्या सुईवरून ओळखतो. डेलला ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतो. हळू चालणारा, चार्ज न होणारा डेल पाहिला की मी सगळ्यांत आधी ती सुई वाकली-तुटली आहे का ते पाहतो. चालू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये गेलात तर तिथे चार्जर किती वॉटचा ओळखला गेला ते लिहिलेलं सापडेल. हलक्या लोकल चार्जरमध्ये ही ओळख देणारी चिप नीट नसते. म्हणून डेल-एचपीसाठी माझा कौल सरळ ओरिजिनलला. एसर-असूसच्या साध्या गोल पिनला हा प्रश्न बहुधा येत नाही. तिथे नावाजलेल्या कंपनीचा कम्पॅटिबल चार्जर घ्यायला माझी हरकत नाही, फक्त व्होल्ट तंतोतंत तेच, अँपियर तेवढेच किंवा जास्त, आणि पिन घट्ट बसणारी हवी. अँपियर जास्त असल्यानं लॅपटॉप जळत नाही, तो लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर मात्र काम करताना टक्केवारी घसरते आणि चार्जर तापतो.

कोणताही घ्या, पण त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. भारतात लॅपटॉपच्या ॲडॅप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे. चिन्ह तर कुणीही छापू शकतं, म्हणून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तिथेच, दुकानात उभं राहून तपासा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदी करताना हे केलंत तर दुकानदारालाही कळतं की गिऱ्हाईक बघून घेणारं आहे.

तिसरा पर्याय टाइप-सी चार्जर. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणून तो त्यावर चार्ज होतोच असं नाही. पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह, नाहीतर मॉडेलच्या माहितीपत्रकात पॉवर डिलिव्हरीचा (पीडी, म्हणजे टाइप-सीवरून जास्त वीज देण्याची पद्धत) उल्लेख हवा. तो असेल तर तुमचं बंद पडलेलं गोल भोक बाजूला ठेवून टाइप-सीवर काम चालू शकतं. जॅक खराब झालेल्यांसाठी ही फार मोठी सुटका आहे आणि पुष्कळांना तिचा पत्ताच नसतो.

इथे मोबाइलच्या चार्जरनं फसू नका. लॅपटॉपला बहुधा २० व्होल्ट लागतात. ओप्पो-वनप्लसच्या ६५ वॉट फास्ट चार्जिंगचा हिशेब १० व्होल्ट गुणिले साडेसहा अँपियर असा असतो, तोही त्यांच्या स्वतःच्या पद्धतीनं. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत २० व्होल्टची ओळ आहे का आणि तिच्यासमोर किती अँपियर आहेत ते वाचा. केबलचंही तसंच: साधी टाइप-सी केबल ३ अँपियर, म्हणजे ६० वॉटपर्यंतच जाते. त्यापुढे ५ अँपियरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. ‘स्लो चार्जर’ असा संदेश येत असेल तर आधी केबल बदला. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी मात्र मूळ जाड चार्जरच घ्यावा. त्यांची भूक २०० वॉटच्या आगेमागे जाते, १०० वॉटच्या टाइप-सीवर खेळताना बॅटरी उतरतच राहते.

युरोपीय संघानं २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग बंधनकारक केलं आहे. कंपन्या एका बाजारासाठी वेगळं मॉडेल फारसं काढत नाहीत, त्यामुळे आज घेतलेला चांगला ६५ किंवा १०० वॉटचा पीडी चार्जर पुढच्या लॅपटॉपलाही उपयोगी पडेल.

जॅक की बोर्ड

पिन हलवली की लॅपटॉपवरचा चार्जिंगचा दिवा लागतो-विझतो, तर दोष जॅकचा किंवा पिनेजवळ आतून तुटलेल्या वायरचा. फरक ओळखायला पिन स्थिर धरून फक्त वायर हलवा. वायर हलवल्यावर दिवा गेला तर चार्जर, पिन हलवल्यावर गेला तर जॅक.

जॅक दोन जातींचे. एकात जॅक छोट्या वायरीवर असतो आणि ती वायर बोर्डवर खोचलेली असते. असा जॅक बदलणं अर्ध्या तासाचं काम, खर्चही कमी. दुसऱ्यात जॅक थेट बोर्डवर सोल्डर केलेला असतो; टाइप-सी पोर्ट बहुधा असाच. तिथे सोल्डर वितळवणारं हॉट एअर यंत्र आणि स्थिर हात लागतो. नवशिक्यानं गरम हवा जास्त दिली तर जॅकबरोबर शेजारचे भागही जातात. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: या मॉडेलचा जॅक वायरीवर आहे की बोर्डवर?

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी पैसे देण्याआधी टॉर्च लावून भोकात डोकवावं. खारट दमट हवेनं संपर्काच्या पत्रीवर हिरवट-पांढरा थर चढतो. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली बारीक काडी. एवढ्यावर भागलं तर उत्तमच. टाइप-सीमध्ये धातूची सुई किंवा सेफ्टी पिन कधीही घालू नका.

पिन घालताच चार्जरचा दिवा विझण्याची वर सांगितलेली खूण दिसली, किंवा वळवाच्या पावसात वीज कडाडल्यानंतर लॅपटॉप मेला, तर बोर्डवरचा कपॅसिटर, मॉस्फेट किंवा चार्जिंगची चिप असा एखादा छोटा भाग गेलेला असू शकतो. अधिकृत केंद्रात अशा वेळी सहसा अख्खा बोर्ड बदलायचं कोटेशन मिळतं. चिपलेव्हल काम करणारा कारागीर शॉर्ट झालेला एकच भाग शोधून बदलतो, खर्च कितीतरी खाली येतो. बोर्डचं कोटेशन हाती आलं की चिपलेव्हलवाल्याचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका, असं मी आग्रहानं सांगेन. कारागीर निवडताना बघायचं ते इतकंच: तपासणीचे पैसे आधी सांगतो का, जुना भाग परत देतो का, कामावर लेखी महिना-दोन महिन्यांची हमी देतो का. आणि लॅपटॉप देण्याआधी एसएसडी (फाइल्स साठवणारी ड्राइव्ह) सुटी निघत असेल तर काढून घरी ठेवा. चार्जिंगच्या दुरुस्तीला तुमच्या फाइल्स लागत नाहीत.

बॅटरी: बदलायची की तशीच चालवायची

विंडोजमध्ये अंदाज बांधत बसायची गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरं जोडून लिहा, मग एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा इंग्रजी शब्द सलग. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला ते तिथेच दिसतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून वाचा. ४२,००० पैकी ३५,००० उरले असतील तर बॅटरी तब्येतीत आहे, दोष दुसरीकडे शोधा. १८,००० उरले असतील तर तिचे दिवस भरले.

तरी बदलायलाच हवी का? लॅपटॉप कायम टेबलावर, इन्व्हर्टर असलेल्या घरात वापरत असाल तर थकलेल्या बॅटरीवरही चालतं. कॉलेज, प्रवास किंवा दिवसाआड भारनियमन असेल तर बदला. अपवाद एक, आणि तिथे मी कुणाचंही ऐकणार नाही: टचपॅड वर उचलला गेला, खालचं झाकण फुगलं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जर काढा, वापर थांबवा, ती टोचू किंवा दाबू नका, आणि जाणत्याकडून काढून घ्या. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

नवी घेताना ओरिजिनल आणि लोकल यांतली दरी चार्जरपेक्षा इथे खोल आहे. चार्जर हलका निघाला तर बहुधा बंद पडतो. बॅटरी हलकी निघाली तर ती तुमच्या मांडीवर असते. काही थिंकपॅड अनोळखी बॅटरी चार्ज करायलाच नकार देतात. ओरिजिनल मिळत असेल तर तीच घ्या आणि डब्यावरची निर्मितीची तारीख बघा, कारण लिथियमची बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. सात-आठ वर्षांच्या मॉडेलसाठी ओरिजिनल म्हणून मिळणारा माल अनेकदा तसाच जुना असतो. तिथे बीआयएस नोंदणी असलेली, ताजी, वर्षाची हमी देणारी दुसऱ्या कंपनीची बॅटरी मी पसंत करेन.