फाइललाच विचारणारी स्क्रिप्ट: पायफेरेटमधील मेटाडेटाची सोय

सागरी आणि हवामानविषयक डेटावर काम करणाऱ्यांना फेरेट हे नाव नवे नाही. अमेरिकेतील नोआ या सागर व हवामानविषयक सरकारी संस्थेच्या सिॲटल येथील पॅसिफिक मरीन एन्व्हायर्नमेंटल लॅबोरेटरीत विकसित झालेले हे मोफत सॉफ्टवेअर आता पायथनशी जोडलेल्या पायफेरेटच्या रूपात वापरले जाते. या परीक्षणात त्याच्या एकाच अंगाचा विचार केला आहे: नेटसीडीएफ (अशा डेटासाठी वापरला जाणारा फाइल-प्रकार) फाइलमधील मेटाडेटा, म्हणजे डेटाचे वर्णन, स्क्रिप्टमधून वाचण्याची आणि बदलण्याची सोय. वाचण्याच्या बाबतीत ती उत्तम आहे. लिहिण्याच्या बाबतीत मात्र ती वापरणाऱ्याकडून बरीच जागरूकता मागते.

नेटसीडीएफ फाइलमध्ये आकड्यांसोबत त्यांचे वर्णनही साठवलेले असते: चलाचे (तापमान, क्षारता यांसारख्या राशीचे) पूर्ण नाव, एकक, जिथे नोंद नाही तिथे भरलेला आकडा, फाइलचा इतिहास. या वर्णनातील प्रत्येक नोंद म्हणजे एक गुणधर्म (ॲट्रिब्यूट). फेरेटमध्ये हे गुणधर्म चलाप्रमाणेच हाताळता येतात, आणि हीच या सोयीची खरी खुबी आहे. चलाच्या नावापुढे टिंब देऊन ‘युनिट्स’ लिहिले की एकक हाती येते. सुरुवातीला दोन टिंबे दिली की संपूर्ण फाइलचे गुणधर्म मिळतात. सॉफ्टवेअरसोबत येणारी कोॲड्स क्लायमेटॉलॉजीची (सागरी हवामानाच्या दीर्घकालीन सरासरींची) फाइल उघडून ‘एसएसटी’ (समुद्रपृष्ठाचे तापमान) या चलाचे एकक विचारले, तर ‘डेग सी’ हे उत्तर येते आणि ते तसेच आलेखाच्या मथळ्यात घालता येते. उद्या त्याच स्क्रिप्टला क्षारतेची फाइल आणि तिच्यातील चल दिले, तर मथळा आपोआप बदलतो.

त्याहून उपयोगी पडतात ते सॉफ्टवेअरने स्वतः पुरवलेले छद्म-गुणधर्म. फाइलमध्ये किती चले आहेत, त्यांची नावे कोणती, एखाद्या चलाला कोणकोणते गुणधर्म जोडलेले आहेत, त्याच्या मिती कोणत्या, हे सर्व त्याच टिंबाच्या पद्धतीने विचारता येते. चलांची संख्या ‘रिपीट’ या पुनरावृत्तीच्या आज्ञेला मर्यादा म्हणून द्यावी, नावांच्या यादीतून एकेक नाव उचलावे आणि प्रत्येकाचा नकाशा काढावा, एवढ्या चार-पाच ओळींत अनोळखी फाइलची पहिली चाळणी होते. विविध संस्थांच्या फाइलींमध्ये तापमानाच्या चलाचे नाव कुठे ‘टेंप’, कुठे ‘थीटाओ’ असे असते. अशा वेळी नावावर विसंबण्यापेक्षा सीएफ संकेतांनुसार (हवामान डेटाच्या मेटाडेटासाठी ठरलेल्या नियमांनुसार) दिलेले ‘स्टँडर्ड नेम’ हे प्रमाण नाव तपासणारी स्क्रिप्ट कितीतरी अधिक भरवशाची ठरते. अर्थात तो गुणधर्म मुळात आहे का, हे आधी गुणधर्मांच्या यादीत पाहून घ्यावे, कारण फाइल तयार करणाऱ्या प्रत्येकाने संकेत पाळलेलेच असतात असे नाही. शिवाय एककाच्या बाबतीत स्क्रिप्टच्या हाती येतो तो केवळ मजकूर. ‘डेग सी’, ‘सेल्सियस’ आणि ‘डिग्रीज सी’ यांचा अर्थ एकच आहे, हे ओळखण्याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावरच राहते.

नवख्यांची गल्लत सहसा बॅकटिकपाशी (` या चिन्हापाशी) होते. ‘लेट’ या आज्ञेने केलेली चलाची व्याख्या गरज पडेल तेव्हा मोजली जाते, तर बॅकटिकमध्ये ठेवलेली पदावली त्याच क्षणी मोजली जाऊन तिच्या जागी उत्तर बसते. त्यामुळे एका फाइलचे शीर्षक बॅकटिकने ‘सिंबल’मध्ये (मजकूर साठवणाऱ्या नावात) साठवून पुढे दुसरी फाइल उघडली, तर सिंबलमध्ये जुनेच शीर्षक राहते, आणि ते चूक म्हणून कुठेही झळकत नाही. अनेक फाइली एकाच वेळी उघडायच्या असतील, तर डेटासंचाचा क्रमांक स्पष्ट लिहिण्याची सवय लावून घेणेच बरे.

आता लिहिण्याची बाजू. ‘डिफाइन ॲट्रिब्यूट’ने नवा गुणधर्म जोडता येतो, ‘सेट ॲट्रिब्यूट’ने असलेला बदलता येतो आणि ‘कॅन्सल ॲट्रिब्यूट’ने काढून टाकता येतो. हे बदल चालू सत्रापुरते असतात. मूळ फाइलला धक्का लागत नाही, आणि दुसऱ्याने दिलेल्या डेटावर काम करताना हे फार सोयीचे आहे. परंतु नवी फाइल जतन करताना सगळे गुणधर्म तिच्यात आपोआप उतरतील, असे गृहीत धरू नये. एकक, पूर्ण नाव यांसारखे नेहमीचे गुणधर्म जातात. बाकीचे हवे असतील तर ‘आउटपुट’ हा पर्याय देऊन तसे सांगावे लागते, आणि सर्वच हवे असतील तर त्या पर्यायाला ‘ऑल’ हे मूल्य द्यावे लागते. माझ्या मते मूळ वर्तन याच्या उलट असायला हवे होते: सर्व काही जावे आणि नको ते वगळावे. ज्या डेटाचा उगम फाइलच्या गुणधर्मांतच नोंदवलेला असतो, त्याच्या बाबतीत ही निवड महागात पडू शकते. तसेच एककाचा मजकूर सेल्सियसवरून केल्व्हिन केला म्हणून आकड्यांत 273.15 मिळवले जात नाहीत. सॉफ्टवेअर इथे मध्ये पडत नाही, आणि ते मला योग्यच वाटते.

पायथनकडे जाणाऱ्यांसाठी ‘गेटडेटा’ हे फंक्शन आहे. ते आकड्यांच्या सरणीबरोबरच शीर्षक, डेटाचे एकक, अक्षांची नावे आणि एकके व गहाळ मूल्य एकाच डिक्शनरीत परत देते. त्यामुळे वाचन आणि जाळ्यांवरची गणिते फेरेटमध्ये करून पुढची सांख्यिकी पायथनमध्ये चालवणाऱ्यांना वर्णन पुन्हा हाताने जोडावे लागत नाही. ज्यांचे सर्व काम आधीच एक्सअॅरे या पायथन लायब्ररीमध्ये सुरळीत चालले आहे, त्यांनी केवळ मेटाडेटासाठी इकडे वळण्याचे कारण नाही. जुन्या जर्नल स्क्रिप्टांचा (फेरेटच्या आज्ञांच्या फाइलींचा) साठा सांभाळणाऱ्यांनी मात्र त्यांतील हाताने टंकलेली नावे आणि एकके काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी टिंबाची पद्धत आणावी.