५० वॅट की १०० वॅट? ग्वाल्हेरच्या कम्युनिटी रेडिओसाठी ट्रान्समीटर आणि अँटेनाची जोडी

कम्युनिटी रेडिओ सुरू करायचं ठरलं की संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो वॅटचा. पन्नासचा ट्रान्समीटर घ्यायचा की शंभरचा? विक्रेत्याच्या कोटेशनातही ट्रान्समीटरचीच ओळ सर्वांत वर आणि ठळक असते. अँटेना आणि केबल खाली कुठेतरी ‘इतर साहित्य’ म्हणून उरकलेली असतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी जागा, मग उंची, मग केबल, मग अँटेना, आणि वॅट सर्वांत शेवटी. निदान ग्वाल्हेरात तरी. तसं का, ते पुढे सांगतो.

आधी नियम. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओची वाट मोकळी झाली. या स्टेशनांची मर्यादा ट्रान्समीटरच्या वॅटवर मोजत नाहीत, ईआरपीवर मोजतात. ईआरपी म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती, वजा केबलमधली गळती, अधिक अँटेनाचा गेन. ती नेहमीच्या परवान्यात १०० वॅटपर्यंत. अँटेना जमिनीपासून किमान १५ मीटर, जास्तीत जास्त ३० मीटर. ही उंची जमिनीपासून धरतात, गच्चीपासून नाही. इमारत १२ मीटर असेल तर वर १८ मीटरचाच मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, चढतो. शिवाय महाराजपुऱ्यात हवाई दलाचा तळ असल्यामुळे मास्टच्या उंचीची मंजुरी हाती आल्याशिवाय फॅब्रिकेटरला आगाऊ पैसे देऊ नका.

आता गेन. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. भाकरीचा गोळा थापला की पीठ तेवढंच राहतं, पण भाकरी पसरते. तसंच इथे. आकाशाकडे आणि पायाखाली वाया जाणारी शक्ती दाबून क्षितिजाकडे पसरवली जाते. साध्या उभ्या डायपोलचा, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन दांड्यांच्या अँटेनाचा, गेन शून्य डेसिबल धरतात. दोन डायपोल एकावर एक लावले की सुमारे ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट. चार लावले की सुमारे ६ डेसिबल, म्हणजे चौपट.

खरेदीत फसगत होते ती इथेच. काही विक्रेते गेन डायपोलच्या तुलनेत न देता आयसोट्रॉपिकच्या, म्हणजे सगळीकडे सारखीच शक्ती टाकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या, तुलनेत देतात, आणि तो आकडा आपोआप २.१५ डेसिबलने फुगतो. कोटेशनात दोन डायपोलच्या अँटेनापुढे ‘गेन ५ डेसिबल’ असं लिहिलं असेल तर ती तीनचीच अँटेना आहे. डीबीडी (डायपोलच्या तुलनेत) की डीबीआय (आयसोट्रॉपिकच्या तुलनेत), हे लेखी मागून घ्या.

खालचा हिशोब ९०.४ मेगाहर्ट्झ, ४० मीटर अर्धा इंची फोम केबल (गळती सुमारे ०.९ डेसिबल) आणि मोकळ्या वाटेसाठी आहे.

| जोडी | ईआरपी | मास्टवर काय |
|---|---|---|
| ५० वॅट + एक डायपोल | सुमारे ४० वॅट | हलकं, साधं |
| ५० वॅट + दोन डायपोल | सुमारे ८० वॅट | दोन तुकडे, एक स्प्लिटर |
| १०० वॅट + एक डायपोल | सुमारे ८० वॅट | हलकं, साधं |
| ३० वॅट + चार डायपोल | सुमारे ९५ वॅट | सुमारे १० मीटर भरलेला मास्ट |

दुसरी आणि तिसरी ओळ एकच आकडा दाखवते. चौथी कागदावर पुढे आहे, पण तिथे एक मेख आहे. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी ३.३ मीटर. डायपोल एकमेकांपासून साधारण अडीच-पावणेतीन मीटरवर बसतात, म्हणून चार डायपोलांच्या रांगेचा मध्य वरच्या टोकापासून चारेक मीटर खाली येतो. ३० मीटरच्या मर्यादेत ही खाली आलेली उंची सव्वा डेसिबलच्या आसपास खाते. दोन डायपोलच्या रांगेत हा तोटा अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. वजाबाकी केली की शेवटच्या तिन्ही जोड्या ऐकणाऱ्याच्या कानाला सारख्याच. चार डायपोलची जोडी मी या कामासाठी सुचवणार नाही. मास्टवर वाऱ्याचा भार वाढतो, कनेक्टर वाढतात आणि पदरात काही पडत नाही.

मग लढत उरते दोघांत: ५० वॅट आणि दोन डायपोल, किंवा १०० वॅट आणि एक डायपोल.

१०० वॅटच्या बाजूने बोलायचं तर वर बिघडण्यासारखं काही नसतं. एक डायपोल, एक केबल, बस्स. मास्ट चढणारा माणूस ग्वाल्हेरात सहज मिळत नसेल तर ही मोठी सोय आहे. मात्र ट्रान्समीटर वीज साधारण दुप्पट घेतो आणि खोलीत तेवढीच जास्त उष्णता सोडतो. मे-जूनमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश असताना, धुळीने पंख्याची जाळी भरलेली असताना ही उष्णता ट्रान्समीटरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवरच येते. वीज गेली की इन्व्हर्टरची बॅटरी निम्म्या वेळात संपते. संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या ऐन वेळी वीज गेली तर हा फरक थेट श्रोत्यापर्यंत पोचतो.

५० वॅट आणि दोन डायपोलची बाजू वीज, उष्णता आणि बॅटरी या तिन्हींत सरस आहे. गेन फुकट मिळतो, महिन्याचं बिल त्याचं येत नाही. पण ही जोडी बसवताना बारीक नजर ठेवावी लागते. दोन्ही डायपोलकडे जाणाऱ्या केबलचे तुकडे अगदी सारख्या लांबीचे हवेत, आणि दोन्ही डायपोल एकाच दिशेने उभे हवेत. एक चुकून उलटा बसला, म्हणजे त्याची गरम बाजू (केबलच्या मधल्या तारेला जोडलेली दांडी) वर असायची ती खाली आली, तर दोन्हींच्या लहरी क्षितिजावर एकमेकींना खोडून काढतात. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर बिचारा सगळं ठीक दाखवतो, ट्रान्समीटर पूर्ण पन्नास वॅट बाहेर टाकत असतो, आणि दोन-तीन किलोमीटरवर मात्र खरखर. अशा वेळी बहुतेक जण ट्रान्समीटरवर संशय घेतात. खालून दुर्बीण लावून बघा. दोन्ही डायपोलचे फीड पॉइंट, म्हणजे केबल जोडायच्या जागा, सारख्याच बाजूला दिसले पाहिजेत. मास्ट चढवण्याआधी जमिनीवर प्रत्येक डायपोलची गरम बाजू लाल टेपने रंगवून घेतली तर हा घोळच होत नाही.

केबलवर थोडं थांबतो, कारण पैसे वाचवायचे म्हणून पहिली कात्री तिच्यावरच चालते. ४० मीटर लांबीत अर्धा इंची फोम केबल ५० पैकी ४१ वॅट वर पोचवते. आरजी-२१३ साधारण २७ वॅट. आणि दुकानात सहज मिळणारी पातळ आरजी-५८ वापरली तर ११-१२ वॅट. म्हणजे १०० वॅटचा ट्रान्समीटर घेऊन पातळ केबल लावणाऱ्यापेक्षा ५० वॅट आणि चांगली केबल लावणारा जवळपास दुप्पट शक्ती अँटेनाला देतो. ट्रान्समीटरची खोली तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर नेऊन केबल दहा मीटरने कमी झाली तर तेही करा. वरचे कनेक्टर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने बंद करा, त्यावर साधी काळी टेप, आणि केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. हे केलं नाही तर एका पावसाळ्यानंतर कनेक्टर उघडल्यावर आत तांब्यावर हिरवट थर दिसतो. एसडब्ल्यूआर दोनपर्यंत गेला की अकरा टक्के शक्ती परत फिरते, आणि बरेच ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती आपोआप उतरवतात. शंभर वॅटची पाटी तशीच राहते, बाहेर मात्र चाळीस.

उंचीचा हिशोब तर सगळ्यांवर मात करतो. जमिनीजवळच्या श्रोत्यासाठी अँटेनाची उंची दुप्पट केली की सिग्नल ६ डेसिबलने वाढतो. १५ मीटरवरून ३० मीटरवर जाणं म्हणजे शक्ती चौपट करण्यासारखंच. उलट नुसते वॅट दुप्पट केले तर सपाट प्रदेशात पल्ला वीस टक्क्यांच्या आतच वाढतो. पाच किलोमीटर ऐकू येत असेल तर सहाच्या आत. म्हणून पन्नास-शंभरच्या फरकाचे पैसे मास्टच्या वरच्या सहा मीटरला लावा.

आणि आता ग्वाल्हेरची खरी गोष्ट: किल्ला. उत्तर-दक्षिण जवळपास तीन किलोमीटर लांब आणि शहरापासून सुमारे शंभर मीटर उंच असा वालुकाश्माचा डोंगर शहराच्या मधोमध उभा आहे. मास्ट शहराच्या लष्कर नावाच्या भागात, बाडा चौकाच्या आसपास असला तर कम्पू, जीवाजीगंज, दौलतगंज समोरच. मुरारही बऱ्यापैकी मोकळ्यात येतं, कारण ती वाट किल्ल्याच्या दक्षिणेकडून जाते. पण हजिरा आणि किलागेटची वस्ती थेट डोंगराच्या आड. ढोबळ हिशोबाने किल्ल्याच्या माथ्यावरून वाकून पलीकडे उतरणाऱ्या लहरीला मोकळ्या हवेच्या तुलनेत १५ ते २० डेसिबलचा फटका बसतो. १८ डेसिबल म्हणजे साठपट शक्ती. पन्नासच्या जागी शंभर आणून तीन डेसिबल मिळतात. हा खड्डा वॅटने भरत नाही, गेननेही भरत नाही.

तो भरतो जागेने. तोच मास्ट पडाव किंवा फूलबागेच्या बाजूला उभा केला तर किल्ल्याच्या पूर्व कडेने हजिरा दिसतो आणि पश्चिमेला बाडाही दिसतो. हजिऱ्यात तानसेनची समाधी आहे. जे स्टेशन ग्वाल्हेर घराण्याची गाणी लावणार, लष्करातल्या मराठी घरांतून गणेशोत्सवात भजनं आणि कीर्तनं उचलणार, त्याचा आवाज त्या समाधीच्या गल्लीत पोचू नये हे मला मान्य नाही. विद्यापीठ वा महाविद्यालय असाल तर मास्ट आपल्या मुख्य आवारातच लावावा लागतो, तिथे पर्याय नाही. स्वयंसेवी संस्थेने मात्र आपलं कार्यक्षेत्र कुठे आहे ते नकाशावर आखून, किल्ला मध्ये येत नाही अशी जागा आधी शोधावी. किल्ल्यावरच मास्ट लावू, ही कल्पना कोणी मांडली तर ती तिथेच सोडून द्या. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. पायथ्याजवळची जागा बघतानाही हे अंतर मोजा.

एकाच बाजूला श्रोते असतील तर आणखी एक सोय आहे. डायपोल मास्टच्या टोकावर न लावता एका बाजूला लावला की मास्ट थोडासा आरशासारखा वागतो आणि सिग्नल त्या बाजूला झुकतो. लष्करातच राहणार असाल आणि किल्ल्यापलीकडचा नाद सोडला असेल तर डायपोल मास्टच्या दक्षिण बाजूला लावा. पण हे ठरवून करा. फॅब्रिकेटरने सोपी पडली ती बाजू निवडली आणि अँटेना किल्ल्याकडे तोंड करून बसली, असं होऊ देऊ नका.

सर्क्युलर अँटेनाबद्दल विचारतात. ती शक्ती आडव्या आणि उभ्या पातळीत वाटून टाकते, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये प्रत्येक पातळीच्या वाट्याला निम्मीच येते. दाट, उंच इमारतींच्या शहरात तिचा उपयोग आहे. इथे बहुतेक श्रोते गाडीतल्या उभ्या काडीवर, दुकानातल्या छोट्या रेडिओवर किंवा इअरफोनची वायर लोंबणाऱ्या मोबाइलवर ऐकतात. ८० वॅटच्या स्टेशनला उभा डायपोलच बरा.

स्टीरिओ बंद ठेवा. शहरी भागासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत मोनोला ६० आणि स्टीरिओला ६६ डेसिबल क्षेत्रतीव्रता धरली आहे. सहा डेसिबलचा हा फरक म्हणजे पुन्हा चौपट शक्ती, आणि ती एका स्विचवर मिळते. गाण्याचं काय, असा आक्षेप येतो. ख्यालात एक गळा, तंबोरा, तबला, हार्मोनियम असतात. मोनोत त्यांचं काही बिघडत नाही. खरखरीत बिघडतं.

तर निवड. मास्ट २५ ते ३० मीटरचा होत असेल, चढणारा माणूस भरवशाचा असेल, वीज जात असेल, तर ५० वॅट, दोन डायपोल, अर्धा इंची केबल, मोनो. मास्ट गच्चीवरच्या नळीसारखा बारीक असेल, किंवा परवानगी वीस मीटरच्या आत अडकली असेल, तर दुसऱ्या डायपोलसाठी खालची उंची वाया घालवू नका. वर एकच डायपोल आणि खाली १०० वॅटचा ट्रान्समीटर घ्या, खोलीला एक्झॉस्ट पंखा लावा आणि बॅटरी मोठी घ्या. बसवणी झाली त्याच दिवशी एसडब्ल्यूआर आणि परतीची शक्ती वहीत तारखेसह लिहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजाल तेव्हा पाणी शिरलं की नाही ते त्या दोन आकड्यांवरून कळेल.